द्राक्ष पॅकहाऊस प्रणाली: वेळेच्या कॉलमांची दुरुस्ती (प्रकल्प नोंदी)

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

काम हातात आलं. ग्राहक म्हणजे दिंडोरी तालुक्यातलं एक द्राक्ष निर्यात पॅकहाऊस. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर क्लाउडवर, आणि आम्ही नाशकात गंगापूर रोडला. प्रणाली आधीच्या टीमने बांधलेली, आम्ही नोव्हेंबरपासून सांभाळतो.

तक्रार एका ओळीची आहे. कंटेनरच्या अहवालात प्री-कूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) संपायच्या आधीच कंटेनर सील झालेला दिसतो. नेदरलँड्सच्या खरेदीदाराने तोच कागद पुढे करून विचारलंय, माल गरम असतानाच भरला का? सीझन ऐन भरात आहे, अशा वेळी हा प्रश्न पैशांचा असतो. पॅकहाऊसचे सुपरवायझर फोनवर तापलेले होते. "भाऊ, माल शून्याच्या आसपास आल्याशिवाय मी लोडिंगला हात लावू देत नाही. तुमचा कॉम्प्युटर मला खोटं पाडतोय."

ज्या कंटेनरवरून वाद आहे त्याची ओळ काढली. १४ फेब्रुवारी, प्री-कूलिंग समाप्त १९:४०, सील १४:५५. दोन्हींत साडेपाच तासांचा घोळ असणार हे बघताक्षणी कळतं. १४:५५ मध्ये साडेपाच मिळवले की २०:२५ होतात, आणि सुपरवायझरच्या वहीतही सव्वाआठ-साडेआठच लिहिलंय.

पहिला संशय अर्थातच मोबाइल ॲपवर. या कंटेनरच्या सीलची नोंद ॲपवरून झाली होती, प्री-कूलिंगची ऑफिसातल्या डेस्कटॉपवरून. दोन्हींनी पाठवलेला मजकूर लॉगमध्ये पाहिला. ॲपने पाठवलं होतं १४:५५ आणि शेवटी झेड, म्हणजे यूटीसी, जगाची मध्यवर्ती वेळ; आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. डेस्कटॉपने पाठवलं होतं १९:४० आणि पुढे अधिक ०५:३०. दोघंही बरोबर! मग गडबड पोचल्यावर झाली.

कॉलमचा प्रकार निघाला 'टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन', म्हणजे तारीख-वेळ ठेवायची, पण ती कुठल्या झोनची, कुठल्या प्रदेशाच्या घड्याळाची, हे नाही. पोस्टग्रेसमध्ये या प्रकाराच्या कॉलमला '२०:२५+०५:३०' असा मजकूर दिला, तर तो शेपटी कापून नुसता २०:२५ ठेवतो. एरर नाही, वॉर्निंगही नाही. झेडचंही तेच. चाचणीच्या टेबलात दोन ओळी घालून पाहिल्या. एकच क्षण दोन तऱ्हेने लिहून पाठवला, तर दोन वेगळे आकडे बसले. गेला पूर्ण सीझन एकाच कॉलममध्ये दोन घड्याळं नांदताहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कुठली ओळ कुठल्या घड्याळातली हे ठरवायचं काम. सरसकट साडेपाच तास मिळवून चालणार नाही, तसं केलं तर डेस्कटॉपच्या नोंदी बिघडतील.

सीलच्या सगळ्या नोंदी दिवसाच्या वेळेनुसार मोजल्या. आधी तासातासाचे गट केले, चित्र धूसर आलं. फरक साडेपाचाचा आहे, त्यामुळे तासाच्या गटात अर्धा तास इकडेतिकडे सांडतो. अर्ध्या तासाचे गट केल्यावर दोन उंचवटे स्वच्छ वेगळे झाले, एक दुपारी अडीचच्या आसपास आणि दुसरा रात्री आठच्या. त्यांच्यामध्ये बरोब्बर साडेपाच तास. पॅकहाऊसमध्ये दुपारी अडीचला कंटेनर सील होत नाहीत, तेव्हा पॅकिंगच्या लाइन चालू असतात.

बऱ्याच नोंदींना उपकरणाचा क्रमांक आहे, त्यावरून स्रोत कळतो. एक गंमतही सापडली. डेस्कटॉपवर तयार झालेली आणि नंतर ॲपमधून सुधारलेली ओळ घेतली, तर तिची 'सुधारणा' ही 'निर्मिती'च्या आधीची दिसते. म्हणजे एकाच ओळीतले दोन कॉलम दोन घड्याळांतले. निर्णय ओळीचा न करता कॉलमचा करावा लागणार.

अडचण आहे ती एक्सेलमधून चढवलेल्या नोंदींची. त्यांना स्रोतच नाही. तिथे शीतगृहाच्या तापमानाची मदत घेतली. भिंतीवरच्या लॉगरची (तापमान टिपणाऱ्या यंत्राची) नोंद दर काही मिनिटांनी येते, आणि लोडिंगसाठी दार उघडलं की तापमान चढतं. २२ जानेवारीच्या एका कंटेनरला लोडिंग सुरू १६:१० असं आहे. त्या दिवशी १६:१० ला आलेख सपाट, खोली शांत. चढ सुरू होतो २१:१७ च्या सुमाराला. १६:१० यूटीसी मानलं तर इथले २१:४० होतात, म्हणजे ही नोंद यूटीसीचीच. निकाल लागला, पण दार उघडायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं खोली तापायला का लागली, हे काही उमगत नाही. दुसऱ्या दोन कंटेनरांनाही तेवढाच फरक आहे. नंतर बघतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

ग्राहकाच्या ऑफिसात बैठक. त्यांच्या मॅनेजरांनी पेपरात वाचलंय की केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळ सगळीकडे सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा जानेवारीत काढला. त्यामुळे त्यांचं म्हणणं, "सर, मग डेटाबेसमध्येही आपलीच वेळ ठेवा ना. ते यूटीसी कशाला?" प्रश्न वाजवी आहे. म्हटलं, कागदावर, पडद्यावर, बिलावर आपलीच वेळ छापू. आत काय साठवायचं हा वेगळा मुद्दा. रॉटरडॅमचा माणूस आणि ओझरचा माणूस एकाच क्षणाकडे बघत असतात, तेव्हा तो क्षण दोघांपैकी कुणाच्याच घड्याळात अडकलेला नसावा.

पोस्टग्रेसच्या 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' या प्रकाराबद्दल आमच्या टीममधल्या नव्या मुलाचाही गैरसमज होता, तो दूर केला. नावात झोन असला तरी पोटात झोन नसतो. दोन्ही प्रकार आठ बाइट्सच घेतात. झोनवाला प्रकार आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि मूळ झोन विसरून जातो. वाचताना सेशनचा, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेल्या जोडणीचा, झोन जो असेल त्यात बदलून दाखवतो. त्यामुळे 'ही नोंद रॉटरडॅमहून आली' हे लक्षात ठेवायचं असेल तर त्यासाठी निराळा कॉलम हवा.

मग सगळ्या टेबलांची यादी समोर ठेवून प्रत्येक कॉलमला एकच प्रश्न विचारला: तुला नक्की काय सांगायचंय? 'सील कधी झालं' हा क्षण आहे, तो झोनवाल्या प्रकारात जाईल. 'काढणीची तारीख' ही तारीख आहे, तिला ना तास ना झोन, तिचा प्रकार 'डेट'. आणि 'रॉटरडॅमच्या गोदामात सकाळी ८ ची अपॉइंटमेंट' हे तिसरंच. ती त्या गावच्या भिंतीवरच्या घड्याळाची वेळ आहे. तिसऱ्याचं काय करायचं ते मार्चात ठरवू, पण सगळं यूटीसीत कोंबलं की सुटलो असं समजणाऱ्यांनी हा तिसरा गट आधी बघावा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र, त्र्यंबक रस्ता जाम, ऑफिस बंद.

आज आवक तारखेचा गुंता. कॉलममध्ये आपोआप बसणारी किंमत 'करंट डेट' (आजची तारीख) आहे आणि सेशन यूटीसीत चालतं. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. त्यामुळे रात्री बारा ते साडेपाच या वेळात वजनकाट्यावर चढलेली गाडी कालच्या तारखेत पडते. निफाडकडच्या उशिरा लागलेल्या गाड्या नेमक्या याच वेळेत येतात, आणि अकाउंटच्या ताईंचं रजिस्टर प्रणालीशी कधीच जुळत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. आत्ताचा क्षण 'ॲट टाइम झोन एशिया/कोलकाता' करून मग त्याची तारीख घ्यायची. टाकण्याआधी सुपरवायझरना विचारलं, बरं झालं विचारलं. ते म्हणाले, "वजनाची तारीख बाराला बदलू द्या. पण पॅकिंगचा दिवस आमचा सकाळी सहाला सुरू होतो. रात्रपाळीचं काम कालच्याच दिवसात धरायचं." म्हणजे यूटीसीची साडेपाचची सीमा पाळीच्या सहाच्या सीमेला जवळजवळ चिकटून होती आणि उत्पादनाचे आकडे निव्वळ योगायोगाने बरोबर येत होते! वजनाचं दुखणं काढताना हा योगायोग मोडला असता आणि दुसऱ्या विभागाची ओरड सुरू झाली असती.

आता दोन कॉलम आहेत. आवक तारीख म्हणजे कॅलेंडरची तारीख. पाळीचा दिवस म्हणजे स्थानिक वेळेतून सहा तास वजा करून आलेली तारीख.

३ मार्च, सोमवार

वीस-पंचवीस मिनिटांचं कोडं सुटलं. फरक नेमका २३ मिनिटांचा आहे, आणि २३ हा आकडाच पत्ता सांगून गेला.

शीतगृहाच्या लॉगरची सीएसव्ही फाइल पायथनची एक जुनी स्क्रिप्ट वाचते. तिच्यात पायटीझेड ही लायब्ररी आहे. वेळेचं ऑब्जेक्ट बनवतानाच तिचा झोन थेट आत दिला, तर ती त्या झोनच्या इतिहासातली पहिली नोंद उचलते. एशिया/कोलकाताची पहिली नोंद म्हणजे कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यूटीसीपेक्षा ५ तास ५३ मिनिटं पुढे. ५:३० ऐवजी ५:५३ धरलं की २१:४० चे यूटीसीत १५:४७ होतात आणि परत दाखवताना २१:१७.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची, ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली. त्याआधी ज्या-त्या शहराची आपापली वेळ होती. मुंबईची वेळ यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असायची आणि प्रमाणवेळ आल्यावरही ती मुंबईत बरीच वर्षं टिकून राहिली. नाशिकचा सूर्य आजही घड्याळापेक्षा साधारण पस्तीस मिनिटं मागे चालतो. पण दिंडोरीच्या शीतगृहाला कोलकात्याचा सूर्य लावायचं कारण नव्हतं.

स्क्रिप्ट पायथन ३.९ पासून सोबत येणाऱ्या झोनइन्फोवर आणली. पायटीझेडच ठेवायचं असतं तर 'लोकलाइझ' वापरून भागलं असतं, पण पुढचा माणूस पुन्हा तिथेच अडखळेल. जुन्या नोंदींना २३ मिनिटं परत दिली. १८ तारखेचे तिन्ही कंटेनर तपासले, दार उघडणं आणि तापमानाचा चढ आता एकमेकांना लागून आहेत.

५ मार्च, बुधवार

शिपिंग एजंटच्या फाइलमध्ये गेट-इनची वेळ अशी येते: २१:१०, पुढे 'आयएसटी'. न्हावा शेवाच्या गेटवर रात्री सव्वानवाला पोचलेला कंटेनर आमच्या पडद्यावर दुसऱ्या दिवशीच्या ००:४० ला दिसतो. साडेतीन तास जास्त.

पोस्टग्रेसमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे आयएसटी म्हणजे इस्रायलची प्रमाणवेळ, यूटीसी अधिक दोन. भारताचा अर्थ हवा असेल तर 'टाइमझोन ॲब्रिव्हिएशन्स' या सेटिंगला 'इंडिया' ही किंमत द्यावी लागते. ते मी करणार नाही. उद्या कुणी सर्व्हर बदलला, सेटिंग राहून गेलं, की पुन्हा माल जेरुसलेमला. फाइल वाचतानाच संक्षेप नाकारायचा आणि एजंटच्या बाबतीत 'एशिया/कोलकाता' हे पूर्ण नाव आम्हीच लावायचं, असं ठरलं.

याच ओघात एका अहवालात 'यूटीसी+५:३०' असं झोनचं नाव सापडलं. दिसायला एकदम बरोबर. पण अशा लिखाणाला पोस्टग्रेस पॉझिक्सचा (युनिक्स घराण्याच्या प्रणालींच्या मानकाचा) नियम लावतो आणि तिथे अधिक चिन्ह म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. वेळ साडेपाच तास पुढे जायच्या ऐवजी मागे जाते, फरक अकरा तासांचा. तो अहवाल कुणी वाचतच नव्हतं बहुतेक.

११ मार्च, मंगळवार

आजचा बग मी आयुष्यभर लोकांना सांगणार.

बागायतदारांच्या यादीत जन्मतारीख आहे. आमच्या टेस्टर ताईंच्या नजरेला एक विचित्र गोष्ट आली. आपल्याकडे त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेला असतो, त्यामुळे यादीत १ जूनवाले पुष्कळ. पण मध्येच काही जण ३१ मे. गावात कुणा गुरुजींनी ३१ मे लिहिल्याचं कधी ऐकलं नाही. ताईंनी वर्षं लावून पाहिली: १९४३, १९४४, १९४५. १९४२ चे १ जूनवाले ठीक, १९४६ चे ठीक. मधल्या तीन वर्षांचेच एक दिवस आधी जन्मलेले.

एका आबांना फोन केला. आवाज खणखणीत. "आधार कार्डावर एक जून चव्वेचाळीस आहे. तुम्ही कुठून एकतीस आणलात?"

कारण दुसऱ्या महायुद्धात आहे. त्या काळात भारताचं घड्याळ एक तास पुढे केलेलं होतं, म्हणजे यूटीसी अधिक साडेसहा. जगभरच्या संगणकांत जो टाइम झोनचा डेटाबेस असतो, त्यात ही मुदत १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ अशी नोंदलेली आहे. त्याआधी ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ असाही एक तुकडा आहे. १ जून १९४२ नेमका दोन तुकड्यांच्या फटीत पडतो, म्हणून ते वाचले.

नोंदणीचा फॉर्म ब्राउझरमध्ये भरला जातो. ब्राउझरला हा इतिहास ठाऊक आहे. त्याने १ जून १९४४ ची मध्यरात्र साडेसहा तास वजा करून यूटीसीत पाठवली: ३१ मे, १७:३०. सर्व्हरवरच्या जुन्या कोडला इतिहास ठाऊक नाही, तो डोळे मिटून ३३० मिनिटं मिळवतो: ३१ मे, २३:००. तारीख कापून घेतली की ३१ मे. बाकी सगळ्या वर्षांना तीच बेरीज बरोबर मध्यरात्रीवर येते, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

दुरुस्त्या दोन. साठवलेल्या यूटीसी किमतीला ३३० मिनिटं मिळवण्याऐवजी पोस्टग्रेसकडूनच एशिया/कोलकातात बदलून घेतलं. त्याला युद्ध आठवतं, सगळे १ जून परत आले. आणि पुढच्यासाठी कॉलम 'डेट' केला, फॉर्ममधून 'वर्ष-महिना-दिवस' असा साधा मजकूर येतो, मध्ये कुठेही त्याचं वेळेच्या ऑब्जेक्टमध्ये रूपांतर होत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण नोडची (सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टची) पोस्टग्रेस लायब्ररी 'डेट' कॉलमसुद्धा स्थानिक मध्यरात्रीचं ऑब्जेक्ट करून देते. भारतीय वेळेच्या मशीनवर त्याचं जेसन (पाठवायचा मजकूर) केलं की ४ मार्च हा ३ मार्च १८:३० झेड होऊन बाहेर पडतो. त्या प्रकारासाठी लायब्ररीचं रूपांतर बंद करून मजकूर जसाच्या तसा घेतला.

१६ मार्च, रविवार

माइग्रेशन, म्हणजे खऱ्या डेटाबेसात कॉलमांचे प्रकार बदलणं. रविवार निवडला, कारण पॅकहाऊस दुपारी काही तास थांबतं.

तापमानाच्या नोंदींचं टेबल सर्वांत मोठं, आणि त्यातला कॉलम सुदैवाने संपूर्ण यूटीसीत आहे. कॉलमचा प्रकार बदलताना पोस्टग्रेस एरवी पूर्ण टेबल नव्याने लिहितो आणि तोवर कुणाला आत येऊ देत नाही. पण आवृत्ती १२ पासून एक सोय आहे: सेशनचा झोन यूटीसी असेल तर टाइमस्टॅम्पचा झोनवाला प्रकार करताना टेबल पुन्हा लिहिलं जात नाही, कारण आतले बाइट्स तेच राहतात. अट एवढीच की बदलाच्या आज्ञेत 'यूझिंग' लावून 'ॲट टाइम झोन' असं काही लिहायचं नाही. ते लिहिलं की अर्थ तोच असूनही पूर्ण लेखन होतं. आधी चाचणीच्या प्रतीवर दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या, पहिलीत पापणी लवायच्या आत काम, दुसरीत चहा पिऊन येण्याइतका वेळ.

मिश्र कॉलमांना ही सोय नाही. तिथे नवा कॉलम जोडला, यूटीसीच्या नोंदी यूटीसी मानून आणि डेस्कटॉपच्या नोंदी एशिया/कोलकाता मानून भरल्या, जुना कॉलम नाव बदलून तसाच ठेवला. सीझन संपेपर्यंत तो पुसायचा नाही असं सगळ्यांना सांगितलंय.

'एका दिवसाच्या नोंदी' काढणाऱ्या क्वेरीही बदलल्या. आधी कॉलमचीच तारीख करून तुलना व्हायची, त्यामुळे इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) वापरला जात नव्हता. नुसत्या तारखेवर इंडेक्स बांधायला गेलं तर पोस्टग्रेस नकार देतो, कारण ती तारीख सेशनच्या झोनवर अवलंबून असते. आता आपल्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीच्या आतपर्यंत असा पट्टा देतो. शेवटची मध्यरात्र धरायची नाही, नाहीतर ठीक बाराची नोंद दोन्ही दिवसांत मोजली जाते. 'बिटवीन' दोन्ही टोकं धरतो, त्यासाठीच काढून टाकला.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडल्या, निम्मी टीम तिकडे. राहिलेल्यांनी अहवालांवर वेळेपुढे झोन छापायचं काम पूर्ण केलं. दिंडोरीत 'भा.प्र.वे.', रॉटरडॅममध्ये त्यांचं नाव, जहाज समुद्रात असताना यूटीसी.

२५ मार्च, मंगळवार

तिसरा गट. रॉटरडॅमच्या गोदामात माल उतरवायच्या अपॉइंटमेंट.

२ एप्रिलला सकाळी ८ ची वेळ मिळालेली आहे. मार्चच्या सुरुवातीला नोंद झाली तेव्हा दोन्हीकडच्या घड्याळांत साडेचार तासांचा फरक होता, म्हणून प्रणालीत 'दुपारी साडेबारा' असा क्षण बसला. पण युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, फरक साडेतीनावर येतो. तिकडे ८ वाजतील तेव्हा इथे साडेअकरा झालेले असतील. आमच्या क्षणाप्रमाणे ट्रक ९ ला पोचला असता आणि नंबर गेला असता.

अर्थात रूपांतर झोनच्या नावाने केलं असतं तर उन्हाळी वेळ आपोआप धरली गेली असती. जुन्या कोडमध्ये साडेचार हा आकडाच टाइप केलेला आहे. पण नाव वापरलं तरी धोका पूर्ण जात नाही. युरोपियन संसदेने २०१९ मध्येच घड्याळं मागेपुढे करणं बंद करण्याच्या बाजूने मत दिलं होतं, सदस्य देशांत एकमत होत नाही म्हणून ते लटकलंय. इजिप्तने काही वर्षं बंद ठेवलेली उन्हाळी वेळ २०२३ मध्ये पुन्हा आणली. उद्या नियम बदलला तर आज यूटीसीत गोठवलेला भविष्यातला क्षण चुकीचा ठरतो. गोदामवाल्याने मात्र सकाळी ८ म्हटलंय आणि तो ८ ला दारात उभा असणार.

म्हणून अपॉइंटमेंटसाठी तीन कॉलम केले. स्थानिक वेळ, झोन न लावता. झोनचं नाव, 'युरोप/ॲमस्टरडॅम'. आणि त्यावरून काढलेला क्षण, फक्त क्रम लावायला आणि आठवणीचे मेसेज पाठवायला. झोनचा डेटाबेस अद्ययावत झाला की तिसरा कॉलम पुन्हा काढायचा. पहिले दोन हेच खरं.

झालेल्या गोष्टींना हा थाट नको. सील झालं ते झालं, त्याचा क्षण कुठलं सरकार बदलणार नाही.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. नेमक्या आजच युरोपची घड्याळं पुढे गेली. तो बदल यूटीसीप्रमाणे १ वाजता होतो, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहाला. घरी गुढीची तयारी चालू आणि मी लॅपटॉप उघडून रॉटरडॅमच्या बंदरात उभ्या असलेल्या एका रीफरचा (थंड कंटेनरचा) आलेख बघत बसलो. बायकोने कडुनिंबाची चटणी लॅपटॉपशेजारीच आणून ठेवली.

कंटेनरमधल्या लॉगरच्या नोंदी यूटीसीत, दर पंधरा मिनिटांनी. ००:४५, मग ०१:००. काही झालं नाही, व्हायचंही नव्हतं. स्थानिक वेळेच्या पट्टीवर मात्र ०१:४५ नंतर एकदम ०३:००. गेल्या वर्षी याच जागी आलेखात तासाभराची पोकळी आली होती आणि खरेदीदाराने सेन्सर बंद ठेवल्याचा संशय घेतला होता. आता पट्टीवर अंतर यूटीसीने मोजलं जातं, खाली नुसती लेबलं स्थानिक. रेघ अखंड. लेबलांजवळ '+१' चं '+२' होतं, ज्याला शंका येईल त्याला तिथेच उत्तर मिळतं.

कालावधीही तपासला. काल रात्री २२:०० ते आज ०६:०० म्हणजे तिकडे सात तास. जुना अहवाल आठ म्हणतो, नवा सात.

नव्या मुलाने हौसेने एक चाचणी लिहिली: आजच्या तारखेची ०२:३०, जी ॲमस्टरडॅममध्ये अस्तित्वातच नाही, ती पोस्टग्रेसला दिली. एररची अपेक्षा होती. त्याने मुकाट हिवाळी वेळ धरून ती ०३:३० केली. ऑक्टोबरमध्ये २६ तारखेला उलटं होईल, ०२:३० दोनदा वाजेल, तिथेही तो हिवाळी वेळच धरतो. ऑक्टोबरात आमची द्राक्षं नसतात, पण ग्राहक डाळिंबाचं बोलतोय. अपॉइंटमेंटच्या फॉर्मवर अशा वेळा अडवायची तपासणी टाकली.

३ एप्रिल, गुरुवार

कालची ८ ची अपॉइंटमेंट वेळेवर झाली. सुपरवायझरना जुन्या सगळ्या कंटेनरांचे दुरुस्त अहवाल पाठवले, १४ फेब्रुवारीचा सर्वांत वर. त्यांनी तो खरेदीदाराकडे लगेच रवाना केला, सोबत वहीच्या पानाचा फोटोही.

उरलेलं एक काम वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं. ते मायएसक्यूएलवर आहे आणि तिथल्या 'टाइमस्टॅम्प'ला १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७ ही शेवटची हद्द आहे, आपल्याकडची सकाळची पावणेनऊची वेळ. २०३८ लांब आहे म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच डेटाबेसात काट्याच्या जागेचा पंधरा वर्षांचा भाडेकरार नोंदवायला गेले आणि संपण्याची तारीख २०४० ची म्हणून ओळच नाकारली गेली. त्या पुरवठादाराला मेल टाकलाय: करार संपायची तारीख ही तारीख आहे, कॉलम 'डेट' करा. उत्तर आलं की सोमवारी माणूस पाठवतो.